श्वास : शरीराचा अखंड रोजमेळ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य-व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, हा आपणा सर्वांच्या आनंदाचा क्षण आहे. या व्यासपीठावरून आपण मुनिमहाराजांची प्रवचने ऐकली, विद्वान पंडितांची व्याख्याने ऐकली. त्याच व्यासपीठावर माझ्यासारख्या कापड दुकानदाराने उभे राहून शरीरशास्त्रावर बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. मी वैद्य नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि पुढचे आयुष्य कापड मोजण्यात व खतावणी लिहिण्यात गेले. परंतु श्वास हा विषय माझ्या घरात माझ्या मातोश्रींच्या आजारपणाच्या रूपाने आला. त्यानिमित्ताने डॉक्टरांना विचारून आणि पुढे पुस्तके वाचून जे समजले, ते माझ्या व्यापारी भाषेत आपल्यापुढे ठेवीत आहे. आईविषयी शेवटी बोलेन. ते बोलल्याशिवाय हे भाषण पूर्ण होणार नाही.

आपल्या शास्त्रकारांनी जीवाचे दहा प्राण सांगितले आहेत, हे येथील पाठशाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. पाच इंद्रिये, मन, वचन व काया ही तीन बले, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. यांतील कान, डोळे, वाणी, मन हे प्राण सर्व जीवांना नसतात. परंतु ज्याला केवळ एकच इंद्रिय आहे अशा एकेंद्रिय जीवालाही चार प्राण सांगितले आहेत, आणि त्या चारांत श्वासोच्छ्वास आहे. म्हणजे झाडाच्या पानापासून माणसापर्यंत, संसारातील जीवांना जोडणारा जो समान धागा आहे, त्यात श्वास येतो. वनस्पतीही श्वसन करतात, हे आज शाळेच्या पुस्तकातही असते.

आता माणसाच्या शरीरात हा प्राण कसा चालतो ते पाहू.

व्यापाऱ्याला प्रथम साठ्याचा हिशेब सुचतो. अन्न न मिळाल्यास माणूस कित्येक दिवस तग धरतो. आपल्या समाजातील उपवास करणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. शरीरात चरबीच्या रूपाने शिल्लक असते. पाण्यावाचून काही दिवस निघतात. प्राणवायूची शिल्लक मात्र काही मिनिटांपुरतीच असते. चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ लागते. शरीराने अन्नाचा परिग्रह केला, प्राणवायूचा केला नाही. म्हणून हा व्यवहार रोखीचा आहे. येथे उधारी चालत नाही आणि दुकान एक दिवसही बंद ठेवता येत नाही.

निवांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. १५ हा आकडा धरला तर तासाला ९०० आणि दिवसाला २१,६०० श्वास होतात. आपल्याकडील योगग्रंथांत अहोरात्रीच्या श्वासांची हीच संख्या दिलेली आढळते. प्रत्येक श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे दिवसाला दहा हजार लिटरांहून अधिक हवा आपल्यातून ये-जा करते. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, ते गाळून पितो. दहा हजार लिटर हवा मात्र जशी असेल तशी घेतो. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

हवा आत येते ती नाकाने. नाकाचे काम केवळ वास घेण्याचे नाही. आतील केस मोठी धूळ अडवतात, ओलसर अस्तर बारीक धूळ चिकटवून घेते, आणि तेथील रक्तवाहिन्या थंड हवेला ऊब देतात. तोंडाने घेतलेल्या हवेला ही सोय तितकीशी मिळत नाही. पुढे घशात अन्नाचा आणि हवेचा रस्ता एक होतो व पुन्हा वेगळा होतो. त्या जागी एक झडप आहे. घास गिळताना ती श्वासनलिकेचे तोंड झाकते. जेवताना बोलू नये, असे आपल्या घरातील वडीलधारी सांगत आणि व्रती मंडळी मौनाने जेवतात. या नियमाचे शरीराच्या बाजूनेही कारण आहे. बोलण्यासाठी झडप उघडी हवी, गिळण्यासाठी बंद हवी. दोन्ही एकदम केले की ठसका लागतो.

श्वासनलिका साधारण दहा-बारा सेंटीमीटर लांबीची असते. ती दबून बंद होऊ नये म्हणून तिच्याभोवती कूर्चेच्या अर्धवर्तुळाकार कड्या असतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला बोट फिरवल्यास त्या हाताला लागतात. छातीत गेल्यावर नलिकेच्या दोन शाखा होतात, एक उजव्या फुप्फुसाकडे व एक डाव्याकडे. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन, कारण डाव्या बाजूला हृदयाला जागा द्यावी लागते. पुढे प्रत्येक शाखेच्या दोन, त्या दोनांच्या चार, अशा सुमारे २३ वेळा फांद्या फुटतात. उलटे ठेवलेले झाड डोळ्यांपुढे आणावे. खोड वर, फांद्या खाली आणि टोकाला पानांच्या जागी द्राक्षांच्या घडासारखे सूक्ष्म फुगे. त्यांना वायुकोश म्हणतात.

एका माणसाच्या फुप्फुसांत असे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. एकाचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतका. परंतु या सर्वांची आतील बाजू उलगडून पसरली, तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापेल. बाजारपेठेत साडेसातशे फुटांच्या गाळ्यासाठी काय मोजावे लागते, हे येथील व्यापारी बंधूंना सांगायला नको. निसर्गाने तो गाळा घडी घालून प्रत्येकाच्या छातीत विनामूल्य बसवून दिला आहे. घड्या घालून थोड्या जागेत पुष्कळ कापड ठेवण्याची विद्या आमच्या धंद्याची म्हणून आम्ही अभिमान बाळगतो. येथे तो अभिमान गळून पडतो.

आता हवा आत जाते कशी? आपण ती ओढून घेतो, असे आपल्याला वाटते. फुप्फुसांना स्वतः फुगण्याची शक्ती नाही. छातीच्या पिंजऱ्याच्या तळाशी श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू आहे. तो आकुंचन पावला की सपाट होऊन खाली सरकतो. त्याच वेळी बरगड्यांमधील स्नायू बरगड्यांना वर व बाहेर उचलतात. छातीतील जागा वाढते, त्यामुळे आतील हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा किंचित कमी होतो, आणि बाहेरची हवा आपोआप आत येते. म्हणजे शरीर फक्त जागा करून देते. श्वास सोडताना तर शांत अवस्थेत काहीच करावे लागत नाही. स्नायू सैल पडतात, ताणलेली फुप्फुसे आपल्या लवचीकपणाने पूर्ववत होतात व हवा बाहेर जाते. ताणलेले कापडी इलॅस्टिक सोडल्यावर जसे आखडते, तसेच हे आहे. हा लवचीकपणा गेला तर काय होते, ते पुढे सांगतो.

आत येणाऱ्या हवेचा ताळेबंद पाहा. बाहेरच्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के प्राणवायू आणि ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेर पडणाऱ्या हवेत प्राणवायू १६-१७ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो. म्हणजे आलेल्या प्राणवायूतील जेमतेम पाचवा हिस्सा शरीर घेते आणि उरलेला परत करते. गरजेपुरते घ्यावे ही शिकवण प्रत्येक श्वासात आपले शरीर पाळत असते. आणि परत केलेला हा प्राणवायू वायाही जात नाही. श्वास थांबलेल्या माणसाच्या तोंडात तोंडाने हवा भरून त्याला वाचवता येते, ते आपल्या उच्छ्वासात अजून पुरेसा प्राणवायू असतो म्हणूनच.

देवाणघेवाण होते ती वायुकोशाच्या भिंतीवर. ही भिंत इतकी पातळ असते की माणसाचा एक केस तिच्या सुमारे शंभरपट जाड भरेल. तिच्या पलीकडे रक्ताच्या केशवाहिन्यांचे जाळे असते. इटलीतील शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिघी याने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने हे जाळे प्रथम पाहिले. रक्तातील तांबडी पेशी या जाळ्यातून एका सेकंदापेक्षाही कमी वेळात पुढे सरकते. तेवढ्यात ती कार्बन डायऑक्साइड वायूच्या उतरण्याला मदत करते आणि प्राणवायू चढवून घेते. शरीरातील सुमारे पाच लिटर रक्त विश्रांतीच्या वेळीही दर मिनिटाला एकदा फुप्फुसांतून फिरून येते.

या तांबड्या पेशीची एक गोष्ट मला फार आवडली, आणि आज विश्वस्त मंडळी समोर बसली असल्याने ती सांगण्याचा मोह आवरत नाही. ती पेशी आयुष्यभर प्राणवायू वाहते. मेंदूला देते, हृदयाला देते, पायाच्या अंगठ्याला देते. परंतु स्वतःच्या निर्वाहासाठी ती त्यातील कणभरही वापरत नाही. प्राणवायूवाचून साखरेपासून थोडी ऊर्जा मिळवून ती आपले भागवते. समाजाची ठेव हातात असूनही तिला स्पर्श न करणारा विश्वस्त कसा असावा, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडले नाही.

श्वासाची लय कोण राखते? मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच्या टोकाला, त्याचे केंद्र आहे. आपण झोपलो तरी ते जागे असते. आपल्याला वाटते की प्राणवायू कमी झाला म्हणून श्वास घ्यावासा वाटतो. प्रत्यक्षात ते केंद्र मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवते. श्वास रोखून धरल्यावर जी तगमग होते, ती बहुतांशी बाहेर टाकायचे आत साचल्यामुळे होते. आवक थांबल्यापेक्षा जावक तुंबल्याची सूचना शरीर आधी देते. चांगला मुनीम असाच असतो.

हृदयाचे ठोके आपल्या आज्ञेत नाहीत. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपण ठरवले तर आपल्या इच्छेनेही चालतो. म्हणूनच साधनेत त्याला महत्त्व आले असावे. आपल्याकडे कायोत्सर्गाचे माप घड्याळाने होत नाही, उच्छ्वासांनी होते. तीन उच्छ्वासांत एक णमोकार, नऊ णमोकारांचे सत्तावीस उच्छ्वास. दैवसिक प्रतिक्रमणाचे एकशे आठ. श्वेतांबर तेरापंथाचे आचार्य महाप्रज्ञ यांनी १९७५ साली प्रेक्षाध्यानाची पद्धत मांडली, तीत श्वास पाहणे हे एक मुख्य अंग आहे.

संथ श्वासाचा शरीरालाही लाभ होतो. त्याचे साधे गणित आहे. प्रत्येक श्वासातील सुमारे दीडशे मिलिलिटर हवा नाक, घसा व नळ्या यांतच राहते. ती वायुकोशापर्यंत पोहोचत नाही व तशीच परत येते. हा रस्त्यावरचा टोल समजावा. ट्रक भरलेला असो की अर्धा, टोल तेवढाच. आता एका माणसाने मिनिटाला ३० उथळ श्वास घेतले, प्रत्येकी पाव लिटरचे. एकूण हवा साडेसात लिटर झाली, पण प्रत्येक खेपेचे दीडशे वजा जाता कामाला आली ती तीन लिटर. दुसऱ्याने १० खोल श्वास घेतले, प्रत्येकी पाऊण लिटरचे. हवा तीच साडेसात लिटर, पण कामाला आली सहा लिटर. मेहनत कमी आणि पदरात दुप्पट. प्रतिक्रमण घाईघाईने उरकणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही आलो, हा हिशेब ध्यानात ठेवावा.

आता रक्षणाचा भाग. नाकातून निसटलेली धूळ नळ्यांत जाते. तेथे चिकट द्रवाचा थर असतो आणि त्याखाली अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. हे तंतू सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात व धुळीने माखलेला द्रव हळूहळू वर घशाकडे ढकलतात. रात्रंदिवस चाललेली ही झाडलोट आहे. खोकला हा तिचाच एक मदतनीस आहे. परंतु एका मिलिमीटरच्या चारशेव्या हिश्श्याहून लहान कण या सर्व पहारेकऱ्यांना चुकवून थेट वायुकोशात जातात. तेथे झाडणारे तंतू नाहीत. काही भक्षक पेशी कण गिळतात, पण त्यांची शक्ती मर्यादित असते. आणि असे अतिसूक्ष्म कण सर्वांत जास्त कशात असतात? धुरात. मग तो विडी-सिगारेटचा असो, कचरा जाळल्याचा असो की चुलीचा असो. धूर त्या झाडणाऱ्या तंतूंनाही निकामी करतो. म्हणजे चोर येतो तो रखवालदाराला झोपवूनच.

आता मी आईविषयी बोलतो.

आमच्या घरी पाणी गाळण्याचा नियम किती कडक होता, हे आमच्या गल्लीतील जुन्या मंडळींना आठवत असेल. दुकानात नवा तागा आला की त्यातील जाड, घट्ट विणीचे फडके अण्णा प्रथम आईसाठी बाजूला काढीत. ती ते दुहेरी करून घागरीवर बांधत असे, आणि फडक्यात राहिलेले जीव जपून पुन्हा विहिरीत सोडत असे. रात्री तिने कधी पाण्याचा घोट घेतला नाही. आयुष्यात कोणाला दुखावले नाही. गॅस आमच्याकडे १९८४ साली आला. पण शोधाचा स्वयंपाक, आहारदानाची तयारी आणि आंघोळीचे पाणी तिच्या चुलीवरच राहिले. ते स्वयंपाकघर आठ फूट लांब व सात फूट रुंद होते. खिडकी एकच, ती बोळात उघडत असे, आणि बोळातून लोक जातात म्हणून ती बहुधा लावलेली असे. फुंकणीने चूल फुंकताना तिचे डोळे लाल होत. आम्ही मुले धूर झाला की बाहेर पळत असू. ती आत असे.

पन्नाशीनंतर तिला खोकला सुरू झाला. आम्ही म्हटले, हवाबदल आहे. मग जिना चढताना ती मध्ये थांबू लागली. आम्ही म्हटले, वय झाले. मंदिराच्या पायऱ्यांवर ती बसून घेऊ लागली, तेव्हा आम्ही तिला मोठ्या गावी तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिला एका नळीत जोराने फुंकायला सांगितले. या प्रकारचे श्वासमापक यंत्र इंग्लंडच्या जॉन हचिन्सन या डॉक्टराने १८४६ साली प्रसिद्ध केले. फुप्फुसांत किती हवा मावते व ती किती वेगाने बाहेर पडते, हे त्यातून समजते. कागद पाहून डॉक्टरांनी विचारले, ‘‘यांना विडीची, तंबाखूची सवय होती का?’’ मला संताप आला. मी म्हणालो, ‘‘साहेब, आम्ही जैन आहोत.’’ ते शांतपणे आईकडे वळले आणि म्हणाले, ‘‘काकू, स्वयंपाक कशावर करता?’’

आई म्हणाली, ‘‘चुलीवर. आणि कशावर?’’

डॉक्टरांनी मला बाजूला बसवून समजावले. वर्षानुवर्षे धूर गेला की वायुकोशांच्या भिंती मोडतात, लहान-लहान खोल्यांच्या भिंती पडून मोठ्या पोकळ्या होतात, व तो लवचीकपणा जातो. नळ्याही सुजून अरुंद होतात. अशा रुग्णाची मुख्य अडचण श्वास घेण्याची नसते, तो सोडण्याची असते. जुनी हवा आत अडकून राहते. गोदाम न खपलेल्या मालाने भरलेले असले, तर नवा माल दारात येऊनही ठेवायला जागा नसते. तशी आईची छाती हवेने भरलेली असूनही तिला हवा मिळत नव्हती. मोडलेले वायुकोश पुन्हा उभे राहत नाहीत. औषधाने, श्वासावाटे घ्यायच्या फवाऱ्याने आराम पडतो, ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडल्याने बरे वाटते, पण गेलेले भांडवल परत येत नाही. पाच-सहा वर्षे आधी आला असता आणि धूर थांबवला असता, तर पुष्कळ शिल्लक राखता आली असती, असे ते म्हणाले. ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. १९९८ साली आई गेली. तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती. आज मी त्या वयाच्या पुढे आहे.

बंधू-भगिनींनो, मी माझ्या मनाला वारंवार विचारले. आम्ही पाणी गाळले. धान्य निवडले, रात्रीचे जेवण वर्ज्य केले, वायुकायातही जीव आहेत हे पाठशाळेत म्हणून दाखवले. आमच्यापैकी काही परंपरांत तर मुखवस्त्रिका बांधली जाते. आणि ज्या पंचेंद्रिय जीवाने आम्हाला जन्म दिला, तिच्या श्वासाकडे तीस वर्षे आमच्यापैकी कोणाचे लक्ष गेले नाही. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण आपल्या धर्मात प्रमादालाही नाव आहे, आणि हेतू नव्हता एवढ्याने प्रमादाची नोंद पुसली जात नाही.

माझी आणखी एक कबुली आहे. आईच्या आजाराने शहाणे होऊनही माझ्या गोदामात गठ्ठे फोडणाऱ्या मुलांचा खोकला मला बरीच वर्षे ऐकू आला नाही. कापसाची बारीक धूळही छाती बिघडवते. विशेषतः सूतगिरण्यांत कच्चा कापूस पिंजण्याच्या खात्यातील कामगारांना, साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर येण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्या कापडावर आमचे घर चालले, त्याच्या धाग्यामागे कोणाचे तरी श्वास खर्ची पडले आहेत. माझ्या गोदामाला आता समोरासमोर दोन खिडक्या आहेत आणि केर कोरडा न झाडता ओल्या फडक्याने काढला जातो. खर्च फार आला नाही. उशीर मात्र फार झाला.

२०२० आणि २०२१ सालांनी आपल्याला श्वासाची किंमत शिकवली. बोटाला लावायचे ते लहान यंत्र घराघरांत आले, आणि पंचाण्णवच्या खाली आकडा गेला की घरातील सर्वांचे चेहरे उतरत. तो आकडा म्हणजे रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्यापैकी किती टक्के भरलेले आहे त्याची मोजणी. तेव्हा एकमेकांच्या श्वासाची जी काळजी आपण घेतली, ती यंत्र कपाटात गेल्यावर संपू नये.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, घरातील कोणाचा खोकला दोन-तीन आठवड्यांपलीकडे राहिला, किंवा नेहमीचा जिना चढताना दम लागू लागला, तर ‘वय झाले’ हे शब्द उच्चारू नका. डॉक्टरांकडे नेऊन ती फुंकण्याची तपासणी करण्याविषयी त्यांना विचारा. ती वेदनारहित व थोड्या वेळाची आहे. कोणाला फवारा घेण्यास सांगितले असेल, तर तो लपवून घेऊ नका. चष्मा लावण्यात लाज नसते, तशी त्यातही नाही.

दुसरी, थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. अर्धवट जळणातून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो, तो रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्टपणे चिकटतो आणि त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

तिसरी विनंती विश्वस्त मंडळास आहे, आणि आजच्या मंगल प्रसंगी ती करताना मला संकोच वाटत नाही. आपल्या सभागृहामागील स्वयंपाकघरात पर्वाच्या दिवसांत लाकडाची मोठी भट्टी पेटते. आपण पंगतीला बसून साधर्मिक वात्सल्याचा आनंद घेतो. त्या वेळी आचारी आणि भाकरी करणाऱ्या बायका सहा-सहा तास धुरात असतात. त्या खोलीला धुराडे नाही. उंच धुराडे, समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि धूर बाहेर खेचणारा पंखा, एवढे सुवर्णमहोत्सवाच्या कामांत धरावे. शक्य होईल तेथे लाकूड बंद करून गॅस आणावा. शिखराला कळस चढतो तो सर्वांना दिसतो. धुराडे मागच्या बाजूला असते, ते कोणाला दिसणार नाही. पण त्याखाली उभ्या असलेल्या बाईला ते कळेल. या कामासाठी आईच्या स्मरणार्थ माझा वाटा मी कार्यवाहांकडे आजच लिहून दिला आहे. इतरांनी आपापल्या इच्छेने द्यावा.

आपण या सभागृहात बसल्यापासून प्रत्येकाने पाचशेच्या आसपास श्वास घेतले असतील. माझ्या छातीतून निघालेली हवा या खोलीत आपणा सर्वांमध्ये मिसळली, आणि आपली माझ्यात आली. कोणाचा श्वास कोणापासून वेगळा ठेवता येत नाही. परस्परोपग्रहो जीवानाम् हे सूत्र आपण पत्रिकेवर छापतो. त्याचा अर्थ मला सर्वांत सोप्या रीतीने उमगला तो श्वासामध्ये.

 बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, सर्वांची मनःपूर्वक क्षमा मागतो.

जय जिनेंद्र.